मयुरीच्या विमानामागचा दोर

बमरोली, सुरत
रविवार

ती. अक्कास,
धम्मपालचा सविनय जयभीम. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. आम्ही इकडं बरे आहोत.

पत्रास कारण की, तुझी लेक मयुरी काय काम करते ते काल मी जवळून पाहिलं. तू फोनवर म्हणालीस, दोर बांधून विमान ओढायचं ही काय पोरीची हमाली? मलाही तसंच वाटायचं. चलथाणच्या पुढं उसाच्या शेतांत त्यांची धावपट्टी आहे. तिथं ग्लायडर म्हणून बिनइंजिनाचं विमान असतं (पंख लांबलचक, पोटात काहीच नाही). ते वर न्यायला पुढं मयुरीचं इंजिनवालं विमान आणि मध्ये लांब दोर. टाळ्या मिळतात मागच्याला, जीव टांगणीला पुढचीचा! कारण ग्लायडर एकदम वर उसळलं की दोर तिच्या विमानाचं शेपूट उचलतो, नाक जमिनीकडं वळतं आणि सावरायला दोन श्वासांचा वेळ मिळतो. मागचं दिसायला एक छोटा आरसा (रिक्षावाल्याचा याहून मोठा असतो).

काल नेमकं तेच झालं. ग्लायडरमध्ये शिकवणाऱ्या सरांच्या पुढं एक हौशी पाहुणा बसला होता. वर जाताना घाबरून या शहाण्यानं गुडघ्यांमधला दांडा गच्च मागं ओढला, बैल उधळले की कासरा ओढतात तसा, आणि वर "हो, हो" ओरडला! ग्लायडर उसळलं. मयुरीच्या विमानाचं नाक थेट उसाकडं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिनं दोर सोडायची मूठ खेचली आणि उसाच्या तुऱ्यांना घासता घासता विमान वर काढलं. अक्का, मला अभिमानानं रडूच आलं. खाली उतरून पाणी प्यायली आणि म्हणाली, "चालो, दुसरा दोर लावा. अजून चार फेऱ्या बाकी छे."

अशा पोरीला तू 'परत ये, शिलाई मशीन घेऊन देते' म्हणतेस? आपल्या सात पिढ्यांत एवढं काळीज कुणाचं नव्हतं.

तुझा धाकटा भाऊ,
धम्मपाल

ता. क. दाजींना वाचून दाखवताना उसाचा भाग गाळ.

आणखी ता. क. मयुरी म्हणते, "मामा, खरं ते लिहा, नाहीतर मी फोन करते." तर तो हौशी पाहुणा मी होतो. सरांनी माझी बोटं दांड्यावरून सोडवली आणि ग्लायडर सुखरूप उतरवलं म्हणून हे पत्र लिहितोय. आता मला तिथं कुंपणाच्या आत घेणार नाहीत, ते योग्यच आहे. विनंती एवढीच, पोरीला गावी बोलावू नकोस. तिच्या जिवावर उठला होता तो तुझा भाऊ. बोलवायचंच असेल तर मला बोलव.