पाल्याला काडी लावू देणार नाही

३ जून

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? जावईबापूंचा खोकला गेला का? धाकटीला दात आले का? इकडे मामीचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत.

आता मुद्द्याचं. चहाच्या मळ्यात पेट्या रोवून माती किती वायू सोडते ते तू मोजलंस. तो अहवाल नाचवत मॅनेजर म्हणतात, झुडपांखाली छाटणीचा पाला ठेवला की हवा तापवणारा वायू दुप्पट निघतो, तेव्हा सोळा तारखेला सगळा ओढून जाळा. मी विचारलं, जाळल्यावर काय अत्तर निघणार आहे? या पाल्यानं तीस वर्षं उतारावरची माती धरून ठेवली. मी दाताळ्याला हात लावणार नाही. मुकादमी जाईल म्हणाले. जाऊ दे म्हटलं.

पण पोरी, पोटात पाप ठेवून भांडता येत नाही. भाचीची झुडपं हिरवीगार दिसावीत म्हणून तुझ्या पाल्यातल्या पेट्यांभोवती मी दोनदा युरिया टाकला. रागाव, पण खरं काय ते कळव.

तुझा मामा

११ जून

ती. मामांना सा. न.

सगळे बरे आहेत. धाकटीला दोन दात आले, चावत सुटली आहे. तुमचं पत्र वाचून कपाळावर हात मारला. मामा, हा तर तराजूवर अंगठा झाला. पाल्यात खत पडलं की मातीतले जंतू मेजवानी झोडतात आणि वायू वाढतो. नुसता पाला किती सोडतो, मला ठाऊकच नाही. आमच्या प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, छापून झालंय, गप्प बस. मी बसले नाही. अहवाल मागे घेतला, मॅनेजरांनाही कळवलं. खताविना पुन्हा मोजणार. पेट्यांजवळ फिरकलात तर मामीला सांगेन.

तुमची चिमणी

१९ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं, मला एक आणि मॅनेजरांना एक, सतरा तारखेला पोचली. आदल्या दिवशी, पाला ओढायला सगळे जमले तेव्हा, मीच सगळ्यांसमोर युरियाची चूक कबूल केली. मळ्यातल्या बायका आधी हसल्या, मग एकेकीनं दाताळं खाली ठेवलं. मुकादमी गेली ती गेलीच. आता पुन्हा हातात छाटणीचा कोयता आहे. पाला जागेवर आहे.

तुझी मोजणी पाल्यावर उलटली, तर पहिलं दाताळं मी ओढीन. तोवर काडी लावू देणार नाही, मग ते मॅनेजर असोत की त्यांचे वडील.

पेट्या घेऊन कधी येतेस ते लवकर लिही.

तुझा मामा