विहिरीचं गणित

सोलापूर
१५ एप्रिल १९७३

तीर्थरूप अण्णास,
गिरिजेचे शरणार्थ. इथं सगळे खुशाल. उन्हामुळं आईचे गुडघे दुखायचे थांबलेत. दुष्काळाचा तेवढाच फायदा. वहिनींना शेंगाचटणी पाठवलीय.

शाळा सुटल्यावर सातवीच्या पोरींचा विज्ञानवर्ग घेते. दिवाळीत तुझ्या मुंबईच्या ऑफिसात पाहिला तसा कॉम्प्युटर इथं कुठला? मग पोरीच कॉम्प्युटर झाल्या. एकीनं झऱ्याचं पाणी मिळवायचं, दुसरीनं शाळेच्या नि गल्लीतल्या बायकांच्या घागरी वजा करायच्या, तिसरीनं उन्हात आटलेलं. कागद सगळ्यांच्या हातून फिरला की एक दिवस संपला. शाळेच्या विहिरीचं असं मॉडेल केलं. उत्तर आलं, पाडव्याला तळ दिसणार.

पाडवा झाला. पाणी कंबरभर! पोरींचे चेहरे उतरले. बेरजा तपासल्या, बरोबर होत्या. मग त्यांतली नागव्वा विहिरीवर जाऊन पळत आली.

"बाई, मागच्या फाटकाला कुलूप हाय! गल्लीतल्या बायका येतच न्हाईत."

आमचं उत्तर पाहून मुख्याध्यापक सिद्धलिंगप्पा सरांनीच ते कुलूप घातलं होतं, शाळेपुरतं पाणी राहावं म्हणून.

नागव्वा म्हणाली, "आपण झरा मांडला, घागरी मांडल्या. सरांना मांडलंच न्हाय की!"

आधी हसू आलं, मग लक्षात आलं. आमच्याच आकड्यानं बायकांचं पाणी तोडलं होतं.

पोरींनी पुन्हा मांडणी केली. फाटक उघडं, बागेचं पाणी बंद, घरटी दोन घागरी. पाणी जूनपर्यंत पुरतं. कागद घेऊन आम्ही सरांकडे गेलो.

"आणि चुकलं तर?" सरांनी विचारलं.

"रोज दोर सोडून मोजू," मी म्हटलं. "चुकलं तिथं सुधारू."

सरांनी कागदावरचे आकडे वरून खाली तपासले. मग किल्ली काढून नागव्वाच्या हातावर ठेवली. काल गल्लीतल्या राजाबाईंनी पहिली घागर भरली नि पोरींनाच विचारलं, "उद्या किती मिळंल गं?"

मी पाल्हाळ लावतेय, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. अण्णा, एक तारखेला मी मुंबईच्या नोकरीवर येत नाही. तू साहेबांकडे शब्द टाकलास, वहिनींनी खोली आवरली. तुला खाली पाहावं लागेल, ठाऊक आहे. ते यंत्र मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तिथं यंत्राला द्यायची कार्डं पंच करायला दुसरी कुणीही मिळेल. इथं पोरी विचारताहेत, साथीच्या तापाचं मॉडेल करता येईल का? मला अजून येत नाही. त्यांच्याबरोबर शिकायचंय.

रागाव हवं तर, पण मे महिन्यात ये. खरा कॉम्प्युटर कसा चालतो ते त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

विचार करूनच इथं राहिलेली,
तुझी गिरिजा