तुमच्या हाताकडे बघून

अंकल, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला काहीतरी लिहितेय, तेही ऑफिसच्या जुन्या डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. हसू नका. तुम्ही हसायला लागलात की खांदे आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मी आता एकोणपन्नास वर्षांची आहे. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून गोडदेवच्या या दोन खोल्यांत मी एकटीच. ऑफिसातून आले की कुकर लावते आणि शिट्ट्या होईपर्यंत गिटार घेऊन बसते. तुम्ही शिकवलेलंच वाजवते, म्हणजे नुसती साथ. वर गाणारं कोणी नाही, खाली ड्रम नाही, मधली चकचक तेवढी माझी. परवा वरच्या मजल्यावरची भाभी जिन्यात भेटली. म्हणाली, "दीदी, रोज बजाते हो, पर गाना कब शुरू होता है?" मी म्हटलं, "गाना दूसरे लोग गाते हैं।" ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचं तरी काय चुकलं म्हणा. मला स्वतःलाच कधीकधी इतकं एकटं वाटतं की गिटार तशीच मांडीवर ठेवून मी भिंतीकडे बघत बसते.

तुमच्याकडे आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि स्टेजच्या मधोमध उभं राहून लांबलचक सोलो वाजवायचा, एवढं एकच खूळ डोक्यात होतं. कोणीतरी सांगितलं, उत्तनला एक अंकल आहेत, जहाजावर होते, आता लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. मी रविवारी सकाळी बस पकडून आले. तुम्ही ओट्यावर बनियनवर बसलेले. माझी गिटार हातात घेतलीत आणि बारीक तीन तारांवरून बोट फिरवलंत. "एवढंच तुझं घर. जाड तारांवर जायचं न्हाय, तिथं बेसवाला राहतो." मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. पण नाही हो! डाव्या हाताने सूर दाबायचा आणि लगेच ढिला सोडायचा, बोटं मात्र तारेवरून उचलायची नाहीत, म्हणजे तार मुकी होते आणि नुसतं 'चक' ऐकू येतं. उजवा हात वर-खाली, वर-खाली चालूच. चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, ड्रमच्या टोल्याबरोबर, तेवढा सूर उघडायचा. बाकी सगळं मुकं. "आवाज थांबला तरी चालल, पोरी. हात थांबायचा न्हाय." जहाजावर तुम्ही लॉन्ड्रीत होतात आणि तिथल्या बँडमधल्या एका काळ्या अमेरिकन गिटारवाल्याने तुम्हाला सुट्टीच्या दुपारी हे शिकवलं होतं. याला सोल म्हणतात, हे चर्चमधून बाहेर पडलेलं गाणं हाय, असं तुम्ही सांगायचात. गाणारा पोटातलं सगळं ओरडून सांगतो, गिटारवाल्याने त्याला पडू द्यायचं नाही. तुम्ही तेच उत्तनच्या लग्नांत आणलंत. कोळीगीत असो की हिंदी पिक्चरचं गाणं, खाली तुमची चकचक, आणि म्हाताऱ्या बायका खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवतायत.

सहा महिने मी मुक्या तारा घासल्या. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, गाणं शिकतेयस की झाडू मारतेयस?" माझाही जीव मेटाकुटीला आला होता. मग एका रविवारी तुम्ही म्हणालात, "पुढच्या लग्नाला ये. माझ्या बाजूला बसून वाजव. बसलेली कोणाला दिसली न्हाय पायजेस." मी हवेतच! आईची निळी साडी नेसून आले आणि तुमच्या उजव्या बाजूला खुर्ची घेतली. असं एक लग्न झालं, दोन झाली, तीन झाली. चौथ्या लग्नात माझ्या लक्षात आलं की तुमचा हात चाललाय पण तुमच्या गिटारमधून सूर येतच नाहीये. डाव्या हाताची तीन बोटं साखरेच्या आजाराने बधीर झाली होती. तुम्ही सगळ्या तारा मुक्या ठेवून हात हलवत होतात, आणि ऐकू येत होते ते माझे सूर. मला तुमची कीव यायला हवी होती. मला आनंद झाला, अंकल. वाटलं, म्हणजे इतके दिवस मीच वाजवतेय की!

आणि त्याच लग्नात मी माती खाल्ली. गाणारा ओळीच्या शेवटी थांबला आणि मी त्या मोकळ्या जागेत एक छानशी नक्षी टाकून दिली, वर, बारीक तारेवर, सगळ्यांनी वळून बघावं अशी. तुम्ही सगळ्या बँडसमोर बोललात, "ती गाणाऱ्याची श्वास घ्यायची जागा हाय. तुझी न्हाय." ड्रमवाला हसला. माझे कान तापले. जेवणाच्या सुट्टीत बँडचा मालक, तो कीबोर्डवाला, ताट घेऊन माझ्या शेजारी बसला आणि मी त्याला सांगून टाकलं, "अंकल वाजवतच नाहीत. मी वाजवतेय. नीट ऐका." त्याने घास तसाच हातात धरला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

पुढच्या लग्नाला त्याने एकट्या मलाच बोलावलं, आणि मी गेले. त्याआधी एकदा बसस्टॉपवर तुम्ही भेटलात. हातात पाव होते, टोपी घातलेली. तुम्ही शांतपणे विचारलंत, "मालकाला कोणी सांगितलं असंल?" मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "मला नाही माहीत, अंकल." तुम्ही "बरं" म्हणालात. बस आली तेव्हा माझी गिटार तुम्हीच वर चढवून दिलीत. मी खिडकीतून हातसुद्धा केला नाही, दुसरीकडे बघत बसले. त्यानंतर मी तुमच्याकडे शिकायला आलेच नाही. कुठल्या तोंडाने येणार होते?

तुमच्याशिवाय चार लग्नं वाजवली. प्रत्येक वेळी मालक म्हणायचा, "मॅडम, जरा घाई होतेय." मला वाटायचं, ड्रमवाला ढिला पडतोय. भांडलेसुद्धा. मग फोन यायचे बंद झाले. पुढे तिसऱ्या वर्षी तुम्ही गेल्याचं कळलं. मी ऑफिसात होते. मार्च महिना आहे, सुट्टी मिळत नाही, असं मी निरोप देणाऱ्याला सांगितलं. मार्च होता हे खरं. सुट्टी मी मागितलीच नव्हती.

मागच्या महिन्यात त्या चौथ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून त्या नवराबायकोने जुनी व्हिडिओ कॅसेट मोबाइलवर उतरवून घेतली आणि ड्रमवाल्याने ती मला पाठवली. कॅमेरावाला सबंध चार मिनिटं बँडवर थांबलाय. मी निळ्या साडीत, तुम्ही बाजूला. आधी मी माझ्या बोटांकडेच बघितलं, आणि म्हटलं, छान वाजवतेय की पोरगी. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा माझा चेहरा बघितला. मी गाणाऱ्याकडे बघत नाहीये, ड्रमकडे बघत नाहीये. चारही मिनिटं माझे डोळे तुमच्या उजव्या हातावर खिळलेत. तुमचा हात खाली आला की माझा खाली. एका ठिकाणी मी पुढे पळायला लागते, तुम्ही हात जरा मोठा फिरवता, मान हलवता, आणि मी गुपचूप जागेवर येते. मला हे आठवतसुद्धा नव्हतं! अहो, तुम्हीच वाजवत होतात. माझी फक्त बोटं धड होती. मोबाइल पालथा ठेवला आणि खूप रडले. पुढच्या चार लग्नांत घाई केली म्हणून नव्हे. तुम्ही मला सावरत होतात आणि मी त्याच दिवशी जेवताना तुमची चुगली केली, म्हणून.

मग ठरवलं की तुमच्या घरी जाऊन निदान आंटीला तरी खरं सांगायचं. गेल्या रविवारी उत्तनला गेले. बसमध्ये वाक्य पाठ करत होते, आंटी, अंकलना बँडमधून माझ्यामुळे काढलं. आंटी आता ऐंशीला टेकल्यात, कानाने कमी ऐकतात, पण दारात बघताच ओळखलं. "गिटारवाली पोर! किती वाळलीस गं. नवरा न्हाय केलास?" मी म्हटलं, "राहून गेलं." त्यांनी मला आत बसवलं, हात हातात घेतला, आणि मी तोंड उघडायच्या आत बोलायला लागल्या. "तो मरेपर्यंत तुझं नाव काढायचा. सांगायचा, सगल्यांनी सोडलं, पन ती पोर एकटी माझ्यासाठी मालकाशी भांडली. अंकलला काढाल तर मी येनार न्हाय, असं बोलली. मग मीच तिला समजावून धाडली."

अंकल, मी तर मालकाशी एका शब्दानेही भांडले नव्हते, आणि तुम्ही मला कधी समजावलंही नव्हतं. म्हणजे बसस्टॉपवर तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तरी तुम्ही घरी जाऊन हे असं सांगितलंत. मला वाचवायला, की आंटीसमोर तुमचा मान राहावा म्हणून? कोणाला विचारू आता? आंटी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सबंध आयुष्यात त्यांच्या नवऱ्याच्या बाजूने कोणी एक माणूस उभं राहिलं, आणि ते माणूस त्यांच्यासमोर बसलेलं. त्यांनी माझा हात दाबला आणि विचारलं, "खरंच अशी भांडलेलीस ना गं?"

ही डायरी मी कपाटात ठेवून देणार आहे, आंटीला वाचून दाखवणार नाही. तुम्हाला मात्र सांगते. मी "हो" म्हटलं. एवढंच नाही, "मग काय, चांगलीच भांडले" असंही म्हटलं. निघताना त्यांनी वर्तमानपत्रात सुके बोंबील बांधून दिले, माझ्या माणसासाठी भांडलीस म्हणून. तेही मी घेतले. आज दुपारी कांदा घालून परतले आणि भाताबरोबर खाल्ले, दोनदा वाढून घेऊन.