डाळिंबी पर्स, हिरवा ब्रोच आणि मागची खोली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, एका मोठ्या दुकानाच्या हातमोजे आणि स्कार्फ विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर नको तितकी शाबूत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मात्र माझ्या नणंदबाईंनी मी जिवंत असतानाच माझ्या वस्तूंची परस्पर वाटणी केली होती. ती वाटणी मी या लेखाने रद्द करते.

१. घर. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही, सुनेला. घराच्या मागच्या खोलीत नणंदबाई राहतात. यजमान जाताना माझा हात धरून म्हणाले होते, "तिला रस्त्यावर आणू नकोस." मी हो म्हटले. माझ्यामागे नणंदबाई त्या खोलीत राहतील की जातील, हे कलम ६ मध्ये लिहिले आहे. वाचणाऱ्याने तिकडे उडी मारू नये. आधीचे वाचल्याशिवाय ते अन्यायाचे वाटेल.

२. कपाट. हे कपाट सागवानी, तीन दारांचे असून तेही सुनेला. ते कसे लावायचे हे मला शाळेतल्या शिवणाच्या सिस्टरांनी शिकवले. आमचा गणवेश राखाडी, मोजे राखाडी, पावसाळी आभाळही बहुधा त्यांच्याच परवानगीने राखाडी. पण शिवणाच्या वर्गात दोऱ्यांचा एक खण होता. त्यात मोतियापासून लिंबी, लिंबीपासून केशरी, मग अबोली, राणी, डाळिंबी, जांभळा, असा एकेक रंग दुसऱ्याचा हात धरून बसलेला असे. माझे टाके वाकडे पडले की सिस्टर मला शिक्षा म्हणून तो खण आवरायला बसवत. मी मुद्दाम वाकडे टाके घालू लागले. त्यांना ते कळत होते, असे मला आता वाटते. शेवटच्या वर्षी तर त्यांनी खणाची किल्लीच माझ्याकडे दिली.

माझे कपाट त्याच रीतीने लावलेले असे. झग्यांशेजारी त्याच रंगाचा पट्टा, त्याखाली त्याच रंगाची पर्स, बाजूला स्कार्फ. लोक विचारत, पट्टे पट्ट्यांत का ठेवत नाहीस? कारण सकाळी उठल्यावर मनात पट्टा येत नाही, रंग येतो. सुनेने हे लक्षात ठेवावे. आणखी एक, पर्स आणि चपला अगदी एका रंगाच्या घालू नयेत. बाई खोक्यासकट दुकानातून उचलून आणल्यासारखी दिसते.

३. मुलगा. बँकेतली शिल्लक आणि वडिलांचे घड्याळ त्याला. माझ्या कपाटाचे काय झाले ते मी त्याला परगावी फोन करून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आई, कपडेच तर होते ना?" म्हणून माझ्या कपाटातला साधा हातरुमालही त्याला देऊ नये. तो मागणार नाही, पण मी लिहून ठेवते.

शाळेपासूनची माझी मैत्रीण चिमणी हिला माझी छत्री. तिची काडी चिमणीनेच मोडली होती आणि दोष वाऱ्यावर ढकलला होता. आता तिनेच दुरुस्त करावी.

४. झाले काय ते. नणंदबाईंशी माझी ओळख लग्नाआधीची, एका स्कार्फमुळे. एक उंच, लाजरा माणूस काउंटरवर आला आणि म्हणाला, "बहिणीसाठी पाहिजे. पण उठून दिसणारा नको, ती रागावते." मी बदामी रंगाचा काढून दिला. चार दिवसांनी तो परत आला. "तिला भडक वाटला." बदामी! मी नोकरीत होते म्हणून हसले नाही, तो मात्र हसला. पुढे त्याच माणसाशी मी लग्न केले. नणंदबाईंना रंगांची नावे येत नाहीत. त्यांच्या जगात दोनच रंग, एक बरा आणि दुसरा भडक. नवऱ्याशी न पटून त्या मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा मागची खोली मीच त्यांना झाडून दिली. पडद्यांचा रंगही त्यांना विचारून आणला. त्या म्हणाल्या, "वहिनी, आंधळ्याला चालेल असा आणा."

इथवर मी सगळे सोसले, हसण्यावारी नेले. माझे मांडीचे हाड मोडले आणि मी रुग्णालयात होते, तेव्हा मात्र त्यांनी माझे कपाट उघडले. सून कामावरून आली तर दारात दोन पोती. तिने विचारले, "आत्या, हे काय?"

"काही नाही गं. गरजूंना देतेय."

"पण आईंना विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? आता परत येतेय कोण ते घालायला!"

हे वाक्य सुनेने माझ्यापासून कितीतरी महिने लपवले. मी काठी घेऊन घरी आले तेव्हा नणंदबाईंनी स्वतः कपाटाचे दार उघडून दाखवले. "बघा वहिनी, किती मोकळं झालं!" आत पट्ट्यांत पट्टे, रुमालांत रुमाल होते, आणि सगळे राखाडी, बदामी, तपकिरी. राखाडीशी माझे वैर नाही. शेजारी पिवळा बसवला की राखाडीसुद्धा बोलू लागतो. पण तिथे बोलायला कोणी शिल्लकच नव्हते.

मी म्हटले, "छान केलंत, वन्सं." गरजूंच्या अंगावर माझे रंग गेले असतील तर जाऊ देत, असे मी मनाला समजावले.

मग एका लग्नाच्या जेवणात नणंदबाईंची मुलगी माझ्यासमोर आली. गळ्यात माझा मोरपंखी रेशमी स्कार्फ. पहिल्या पगारातून घेतलेला.

"मामी, आईने घेतला माझ्यासाठी. छान आहे ना?"

"फार छान आहे," मी म्हटले, "फक्त गाठ चुकलीय." आणि मी ती गाठ नीट बांधून दिली. पोरीची चूक नाही. मी त्याच दिवशी घरी येऊन वकिलांना फोन केला.

५. माझ्या मालकीच्या, पण दुसऱ्यांच्या ताब्यात असलेल्या वस्तू. या सर्व मी सुनेला देते. मोरपंखी स्कार्फ भाचीकडे आहे. डाळिंबी चामड्याची पर्स नणंदबाईंच्या त्या मैत्रिणीकडे, जी माझ्या घरी चहाला येताना ती पिशवीत लपवून आणते. हिरव्या काचेचा ब्रोच, यजमानांनी मुलाच्या जन्मानंतर दिलेला, खुद्द नणंदबाईंच्या खणात आहे. भडक म्हणून घालवत नाही आणि महाग म्हणून टाकवत नाही. पिवळे हातमोजे त्यांनी कुंड्या भरताना वापरले. ते आहेत तसे, मातीसकट परत यावेत. सून ते धुणार नाही. ते कपाटात पिवळ्याच्या जागी तसेच टांगावेत.

वकील म्हणाले, "बाई, जे हातात नाही ते कसं देता?"

"माझ्या हातात नसतानाच वाटलं गेलं ना? मग तसंच परत येईल."

६. मागची खोली. यजमानांना दिलेला शब्द मी मोडणार नाही. नणंदबाई हयात असेपर्यंत मागच्या खोलीत राहू शकतात. अटी अशा:

अ) कलम ५ मधली दुसऱ्याकडे असलेली प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतः जाऊन परत मागावी, आणि स्वतःजवळची काढून द्यावी. कोणाला पाठवू नये, चिठ्ठी देऊ नये. मागताना "ही माझ्या वहिनीची आहे, मी न विचारता घेतली," एवढे म्हणावे.

आ) वस्तू सुनेच्या हातात देताना तिच्या रंगाचे नाव घ्यावे. मोरपंखी. डाळिंबी. 'भडक' म्हटल्यास ती वस्तू दिली असे धरू नये.

इ) कपाट त्यांच्या खोलीत, पलंगासमोर, दारे काढून ठेवावे. सुनेने ते माझ्या रीतीने पुन्हा भरावे आणि रोज सकाळी तिथे जाऊन, दिवा लावून, निवांत निवड करावी. घाई करू नये. दोन स्कार्फ गळ्याशी धरून पाहावेत आणि नणंदबाईंचे मत विचारावे.

यातली एक जरी अट मोडली तरी खोली रिकामी करून द्यावी. मग त्या रस्त्यावर आल्या तर त्यांना मी आणले नसेन.

सुनेला मी हे कलम वाचून दाखवले. ती रडायला लागली. "आई, जाऊ द्या ना. त्या म्हाताऱ्या झाल्यात."

"आणि मी काय शाळेत जाते?"

"मला नको घर असं. मी त्यांना म्हणेन, राहू द्या, काही आणू नका."

म्हणेलच ती. त्या दोन पोत्यांपुढे एकटी उभी राहून जिने माझ्यासाठी तोंड उघडले, तिचे मन असेच असणार. म्हणून पुढचे कलम.

७. व्यवस्थापक. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी सुनेला नव्हे, वकीलसाहेबांना नेमते. अटी पाळल्या की नाही हे तेच ठरवतील, आणि त्यांना माझी नणंद अजिबात आवडत नाही. माझे घर, कपाट, रंग, सगळे मी सुनेला दिले आहे. फक्त नणंदबाईंना माफ करण्याचा अधिकार दिलेला नाही. तो माझा होता. मी तो वापरला नाही आणि मागेही ठेवत नाही.

हे मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले आणि एकही शब्द खोडला नाही.

सही (जांभळ्या शाईने)

बाईंनी आमच्या समक्ष, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत सही केली. आम्ही त्यांच्या आणि एकमेकांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या करत आहोत.

साक्षीदार १: शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, सोमवार. नणंदबाई घरात होत्या. दार उघडेच ठेवले होते.