वरच्या मजल्यावरचा गोलकीपर

३ मार्च, रविवार
हरलो. ०–३. गुणतक्त्यात तळापासून दुसरे. पाच सामने बाकी. खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो तर क्लब निम्मा संघ कमी करणार, असे कालच्या पेपरात आहे.

सामन्यानंतर स्टँडखाली नेहमीचे. केमिस्ट म्हणाला, कोचला हाकला. टायरवाला म्हणाला, कोच काय करेल, स्ट्रायकर आणा स्ट्रायकर, आपल्या नऊ नंबरपेक्षा माझा हवा भरायचा पंप जोरात धावतो. दोघांत जुंपली. मी समर्थक मंडळाची सेक्रेटरी या नात्याने दोघांनाही गप्प केले. प्रश्न माणसांचा नाही, शिस्तीचा आहे.

आणि उपाय माझ्याच घरात, वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आहे. आपला गोलकीपर. देवाने माझ्या डोक्यावर आणून ठेवला आणि मी दोन वर्षे त्याच्याशी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलले. उद्यापासून बदल.

४ मार्च, सोमवार
पहिली चिठ्ठी. ‘कॉर्नरच्या वेळी गोललाइन सोडू नये.’ चार घड्या, वर स्टेपल. गुप्तता हवी. सकाळी सहाला दाराखालून सरकवली. रोज एक याप्रमाणे शेवटच्या सामन्यापर्यंत चौतीस होतील. जास्त दिले तर विद्यार्थ्याला पचत नाही, हा एकतीस वर्षे भूगोल शिकवल्याचा अनुभव.

हे म्हणाले, त्याला त्याचा कोच आहे ना? मी म्हणाले, म्हणून तर.

८ मार्च
गोलकीपर हल्ली जिना चढताना बूट हातात घेतो. खालच्या माणसांना आवाज होऊ नये म्हणून. संस्कार लागतात.

१० मार्च, रविवार
०–२. गेल्या रविवारपेक्षा एक गोल कमी. एका आठवड्यात ३३ टक्के सुधारणा! केमिस्टला हे समजावून सांगितले. तो म्हणाला, बाई, या हिशोबाने मी दुकान चालवले तर महिन्याभरात दिवाळखोर होईन. त्याला टक्केवारी कधीच जमली नाही.

१३ मार्च
गोलकीपरने यांच्याकडे मागच्या जिन्याची किल्ली मागितली. सरावाला लवकर जावे लागते, पुढचे दार वाजते, म्हणे. यांनी लगेच दिली. हे हल्ली संध्याकाळी चहा घेऊन वर जातात आणि बुद्धिबळ खेळून येतात. मी विचारले, चिठ्ठ्यांबद्दल काही बोलतो का? हे म्हणाले, जपून ठेवतो.

वाटलेच होते.

१७ मार्च, रविवार
१–४. पण आपण गोल केला.

चारपैकी दोन गोल कॉर्नरवरून. गोललाइन सोडून तीन पावले पुढे! तेराव्या चिठ्ठीत पुन्हा पहिलीच सूचना द्यायला हवी होती. उजळणीत मी कमी पडले. इथे प्रामाणिकपणे नोंद करते, कारण जबाबदारी घ्यायची हिंमत असेल तरच दुसऱ्याकडे मागावी.

२० मार्च
मंडळाची बैठक. टायरवाल्याने परदेशी स्ट्रायकरची यादी आणली होती. त्यातले दोघे निवृत्त झालेत आणि एक वारलाय, असे केमिस्टने दाखवून दिले. टायरवाला म्हणाला, तरी आपल्या नऊ नंबरपेक्षा बरा. कोचविरुद्ध ठराव मांडला गेला. मी स्थगित ठेवला. आतून काम चालू आहे, एवढेच सूचकपणे सांगितले.

२४ मार्च, रविवार
०–० !! एक गुण!

मनगट दुखत असल्यामुळे आज आपला गोलकीपर बसला होता, राखीव खेळला. म्हणजे माझी शिकवण संघभर पसरते आहे.

३१ मार्च, रविवार
जिंकलो. १–०. आपला गोलकीपर परतला आणि एक चेंडू असा काढला की टायरवाल्याने माझा हात दाबला. दोन तास दुखत होता.

आता हिशोब सरळ आहे. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी वाचलो. आजवरच्या अठ्ठावीस चिठ्ठ्यांचे चीज झाले. घरी येताना गोलकीपर रस्त्याच्या पलीकडून चालला होता, कानात हेडफोन. विश्लेषण ऐकत असणार. हाक मारली नाही.

६ एप्रिल, शनिवार
चौतिसावी आणि शेवटची चिठ्ठी. चार दिवस टीव्हीसमोर बसून जुने सामने पाहिले, वहीत नोंदी केल्या. त्यांचा दहा नंबर पेनल्टी डावीकडेच मारतो. अकरापैकी दहा. पडद्यावर स्पष्ट दिसते.

संध्याकाळी नवल घडले. गोलकीपर स्वतः खाली आला, पुढच्या जिन्याने, पायात बूट घालून. उंच पोरगा, पण दारात वाकून उभा. म्हणाला, बाई, उद्या हरलो तर कमी करायच्या यादीत माझे नाव पहिले आहे. तुम्ही त्यांच्या पेनल्ट्या पाहिल्यात, काका म्हणत होते. मी म्हणाले, सगळे चिठ्ठीत आहे. म्हणाला, नक्की ना? मी म्हणाले, मी आजवर कुणाला चुकीची दिशा शिकवलेली नाही.

हसला. पहिल्यांदाच.

७ एप्रिल, रविवार
गेलो खाली. १–२.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी. त्यांचा दहा नंबर. आणि हा उलट्या बाजूला झेपावला! चेंडू एका कोपऱ्यात, हा दुसऱ्या. चिठ्ठीत लिहिलेले असताना! वाचलीच नसणार. विद्यार्थी शेवटी विद्यार्थीच.

घरी यांना सगळे सांगितले. हे बराच वेळ पुढ्यातला चहा ढवळत होते. मग म्हणाले, डावीकडे म्हणजे कुणाच्या? मी म्हणाले, डावे म्हणजे डावे. मला दिशा शिकवू नका.

९ एप्रिल
तातडीची बैठक. स्टँडखाली इतकी माणसे की दोघे खांबाला टेकून. गोलकीपरला बोलावले होते. आला. केमिस्टने विचारले, तिकडे उडी मारायला कोणी सांगितले होते, कोचने? नाही म्हणाला. मग कोणी? तो एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, कुणी नाही, माझा अंदाज चुकला.

कबुली स्पष्ट होती. मी ठराव मांडला: पराभवास गोलकीपर जबाबदार, क्लबने त्याला मुक्त करावे. एकमताने मंजूर. टायरवाल्याने हात जरा उशिरा वर केला.

११ एप्रिल
ठराव पेपरात आला. खाली माझे नाव, हुद्द्यासकट. कात्रण काढून ठेवले.

१५ एप्रिल
क्लबची यादी लागली. त्याचे नाव पहिले. यादी मी दोनदा वाचली. आनंद झाला असे म्हणता येणार नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

२० एप्रिल
गोलकीपरने खोली सोडली. मला नमस्कार करून गेला. हे त्याची बॅग उचलून एसटी स्टँडपर्यंत गेले, स्वतःची कंबर दुखत असताना. आल्यावर जेवले नाहीत.

२१ एप्रिल, रविवार
आज सामना नाही. वरची खोली झाडायला गेले. कपाटात बुटांचा रिकामा खोका. त्यात माझ्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. चौतीस. तेहतीस तशाच, स्टेपलसुद्धा काढलेला नाही.

एकच उघडलेली. शेवटची. घड्यांवर इतकी चुरगळलेली की बरेच वेळा वाचलेली असावी.

चिठ्ठी हातात धरून कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. टीव्हीसमोर बसते तशी. कपाट म्हणजे गोल. डावा हात वर केला. मग वळले. पाठ कपाटाला, तोंड दाराकडे, गोलकीपर उभा राहतो तशी. पुन्हा डावा हात वर केला.

बराच वेळ हात तसाच होता. हे दारात येऊन उभे होते, मला कळले नाही.

हे म्हणाले, दुसऱ्या एका क्लबला तो हवा होता. पेपरातला ठराव वाचून थांबलेत. उद्या संध्याकाळी पाचला ठरवणार. तू एक फोन कर. नंबर टेलिफोनपाशी लिहून ठेवलाय.

मी म्हणाले, जबाबदारीची गोष्ट तोंडी करायची नसते. लेखीच देईन.

२२ एप्रिल, सोमवार
सकाळी कच्चा मसुदा केला. ‘चुकीची दिशा’ की ‘दिशेबाबत गैरसमज’, यावर अकरा वाजले. दुसऱ्या प्रतीवर शाई सांडली. जेवण. तिसऱ्या प्रतीत समास सोडायचा राहिला. हे दोनदा टेलिफोनपाशी जाऊन उभे राहिले.

सव्वापाच झाले आहेत. पत्र पूर्ण झाले. अक्षर सुरेख आले आहे.