कमरेइतकं पाणी

वैजापूर,
२० नोव्हेंबर २०२५

ती. रामकिसनदादांस,
सत्यभामाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही नुसतं आँ आँ करता आणि कानाचं मशीन कपाटात ठेवता, म्हणून हे पत्र. इथं सगळी बरी आहेत. कांद्याची लागवड आटोपली.

आनंदाची गोष्ट म्हणजे आपली संस्कृती नौदलात निवडली गेली. माझी नात समुद्रावर जाणार, मी मेली अजून मुंबईसुद्धा पाहिली नाय! आठ डिसेंबरला ती ट्रेनिंगला निघेल. अर्ज भरतानाच म्हणाली होती, मला रामकिसन आजोबांसारखं व्हायचंय.

इथल्या शाळेचे हेडमास्तर घरी आले होते. सोळा डिसेंबरला एकाहत्तरच्या विजयाचा दिवस करतात, त्यात तुमचा सत्कार ठरवलाय. जहाजातून फौज उतरत असताना बुडणाऱ्या जवानाला तुम्ही उडी मारून काढलं, ते मी त्यांना सांगितलं. मुलांना ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. फेट्याला नाय म्हणू नका, टक्कल तरी झाकेल.

माहेरचं माणूस आता तुम्हीच. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सत्यभामा

⁂

पडेगाव,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. सत्यभामास,
रामकिसनचे अनेक उत्तम आशीर्वाद.

संस्कृतीचं वाचून ऊर भरून आला. पेढे माझ्याकडून वाट. सत्काराला मात्र मी येणार नाय. कारण लिहितो. एकदाच वाच आणि कागद चुलीत घाल.

आमचं जहाज फौज वाहून न्यायचं. तळ सपाट, त्यामुळं लई डोलायचं. बंगालच्या किनाऱ्यावर उतरायची ती पहाडी फौज दोन दिवस ओकून अर्धमेली झाली होती. किनारा जवळ आला की जहाजाचं तोंड उघडायचं आणि उतारावरून माणसं पाण्यात चालत जायची. उताराच्या टोकाला उभं राहून बांबूनं पाणी मोजायचं काम माझं. मोजलं तेव्हा कमरेइतकं होतं. मग लाटेनं जहाज सरकलं. साहेबानं पुन्हा मोजायला सांगितलं. त्या टोकाला पुन्हा जायची मला भीती वाटली. मी मागूनच बांबू बुडवल्यासारखा केला आणि पहिलंच माप ओरडून सांगितलं.

सगळ्यात पुढं माझ्याच वयाचा एक जवान होता. त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं विचारलं, “पानी कितना है, भाई?”

मी म्हणालो, “कमर तक. उतर जा.”

पाठीवर ओझं घेऊन तो उतरला, तो वर आलाच नाय. बाकीच्यांनी दोर टाकले. मी विहिरीत सूर मारणारा माणूस, पण जागचा हललो नाय. चौकशीत सांगितलं की दोनदा मोजलं होतं. दोन-तीन दिवसांत लढाई संपली आणि पुन्हा कुणी विचारलं नाय.

सुट्टीवर आलो तेव्हा आईला एवढंच बोललो की एक जवान पाण्यात पडला. शेजारची गोजरबाई म्हणाली, तू काढलं असशील त्याला. सगळी माझ्याकडं बघत होती. मी मान डोलावली. तेवढ्यावर चौपन्न वर्षं काढली.

आता तुझा लोभ राहील का, ते विचारायची हिंमत नाय.

रामकिसन

⁂

वैजापूर,
४ डिसेंबर २०२५

ती. आजोबांस,
संस्कृतीचा नमस्कार.

तुमचं पत्र आजीनं वाचलेलं नाही. शिबिरात अचानक नंबर लागून सोमवारी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हणून काल मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

पेढ्यांचं वाचून आम्ही दोघी हसलो. पुढं चुलीत घालायचं आलं तेव्हा मी थांबले. आजी म्हणाली, वाच. मी शेवटपर्यंत वाचलं. मग ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, जेवली नाही.

मला खूप राग आलाय. बारावीत असताना तुमचीच गोष्ट सांगून मी वक्तृत्वात पहिली आले होते. ती ट्रॉफी काल पलंगाखाली सरकवली. आज हेडमास्तर आले, तर मी सांगितलं, आजोबांची तब्येत बरी नाही. इतकं सहज तोंडातून निघालं की ते गेल्यावर माझीच मला लाज वाटली.

दोन गोष्टी विचारायच्यात. त्या जवानाचं नाव काय होतं? आणि बांबू हातात होता, साहेबांनी सांगितलं होतं, तरी तुम्ही पुढं का गेला नाहीत? भीती मलाही वाटेल, म्हणून विचारते.

सोमवारी निघतेय. तिथं फोन जमा करतात, पत्ता मागं लिहिलाय. आशीर्वाद मागावा की नाही, ते कळत नाही.

संस्कृती

⁂

पडेगाव,
१८ डिसेंबर २०२५

चि. संस्कृतीस,
आजोबाचे आशीर्वाद, न मागता.

त्याचं नाव मला माहीत नाय. दोन दिवस त्याला प्यायला पाणी नेऊन देत होतो, पण नाव विचारलं नाय. पुढं का गेलो नाय, याला भ्यालो यापलीकडं उत्तर नाय. तोही भ्याला होता, पण माझ्या शब्दावर उतरला.

मंगळवारी मी वैजापूरला गेलो. तब्येत सुधारली म्हणून हेडमास्तर खूश झाले. शाल पांघरली, माईक हातात दिला. मी सगळं सांगितलं. जवान उतरला तिथं आलो तेव्हा हेडमास्तर मध्येच टाळ्या वाजवायला लागले, मुलंही वाजवायला लागली. त्यांना वाटलं, आता मी उडी मारणार. टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिलो आणि उरलेलं सांगितलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिनं विचारलं, “आजोबा, तुम्हाला पोहता येत होतं?”

मी म्हणालो, “येत होतं.”

ती खाली बसली. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आलो. वाटलं होतं, सांगितल्यावर मन हलकं होईल. तसं काही झालं नाय.

तुझी आजी सगळ्यात मागं काळा चष्मा लावून बसली होती. घरी नेऊन तिनं मला जेवू घातलं. मग स्टँडवर सोडायला आली. एरवी ती ड्रायव्हरपासून शेंगा विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना सांगत सुटते की हे माझे दादा, लढाईत माणूस वाचवलेले. परवा गाडी लागल्यावर कंडक्टरजवळ गेली आणि म्हणाली, “माझे भाऊ आहेत. पडेगावला उतरवा.”

सवड झाली तर दोन ओळी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील.

तुझा,
रामकिसन आजोबा