चाळीस म्हणजे चाळीस

१८ सप्टेंबर २०२५
मिलिंग मशीन आली. ऑटोमॅटिक. टूल स्वतः बदलते. मेहुण्याच्या, म्हणजे सिद्धरामच्या, वर्कशॉपमध्ये पुष्कळ राबलो. आता त्याची पायरी चढणार नाही. पुण्याची पंपाची ऑर्डर मिळाली की मी माझा मालक. कंपनीचे साहेब दसऱ्याला अक्कलकोटला घरी जाताना १ तारखेला मशीन बघणार आहेत. फोनवर तारीख मीच दिली. खंडेनवमी. मुहूर्त बघून.

२१ सप्टेंबर
टूल होल्डर, म्हणजे टूल धरणारे दांडे, आणले. मशीन BT ४० ची, होल्डर SK ४० चे. माप दोन्हीचं चाळीसच. एक जपानी पद्धत, एक जर्मन, एवढाच फरक. विकणारा म्हणाला, माल परत घेणार नाही. मालावर केवढा विश्वास.

२४ सप्टेंबर
होल्डरचा मागचा खिळा, म्हणजे स्टड, बदलून तो मशीनच्या फिरत्या स्पिंडलमध्ये घातला. चपखल बसला. सिद्धरामचा फोन. म्हणाला, दाजी, दांड्याचा उतार त्योच हाय, पण कॉलरची खाच येगळी. मशीनचा हात तितंच धरतो की. माझं BT न्या. मी म्हणालो, चाळीस म्हणजे चाळीस. जळतो मेला.

२६ सप्टेंबर
ट्रायल. मशीनच्या हातानं होल्डर उचलला, फिरवला, फेकला. कूलंटच्या ट्रेला खड्डा. हात नवा आहे. सवय होईल.

२७ सप्टेंबर
दुसरा खड्डा. बायको, विजयमाला, म्हणाली, माझ्या भावाकडनं आणा की, त्यात कसला कमीपणा. कमीपणाच आहे. रागानं जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

३० सप्टेंबर
हट्ट वेगळा, तत्त्व वेगळं. उद्या सकाळी सिद्धरामचे होल्डर आणतो. उसने नाही. तुलनेसाठी.

१ ऑक्टोबर, सकाळ
पायरी चढलो नाही, दारातूनच मागितले. त्याचे सगळे होल्डर पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूत बुडालेले. म्हणाला, दाजी, आज हत्यार पूजेला बसलंय, उठवायचं न्हाय. उद्या सोनं वाटलं की न्या. एवढे दिवस सोडून खंडेनवमीच कुणाला सुचली.

संध्याकाळ
विजयमाला म्हणाली, आज मशीन चालवत न्हाईत. चालवली. साहेबांसमोर प्रत्येक टूल मी हातानं बदललं. दार उघड, काढ, लाव, दार लाव. शर्ट कूलंटनं भिजला. जॉब मात्र एक नंबर झाला. साहेबांनी विजयमालाला विचारलं, ऑपरेटर चांगला आहे, मालक कुठे भेटतील? तिनं माझ्याकडे बघितलं. भिजल्या शर्टात मालक मीच म्हणायची लाज वाटली. सिद्धरामचा पत्ता दिला.

३ ऑक्टोबर
ऑर्डर सिद्धरामला मिळाली. त्याच्याकडे मशीन रिकामी नाही, म्हणून काम माझ्याच मशीनवर होणार. होल्डर घेऊन तोच आला. पायरी मी चढलेलो नाही, याची नोंद असावी. SK चे होल्डरही वाया गेले नाहीत, देवापुढे उदबत्त्या खोचायला ठेवलेत.

मशीननं आज पहिल्या झटक्यात टूल बदललं. सवयीनं मी दार उघडायला धावलो.

साहेबांनी सिद्धरामला एकच अट घातली आहे. तो ऑपरेटर सोडायचा नाही.